खिळ्यावरची चिठ्ठी पडद्यावर आणताना

सावद्यातल्या एका केळी विक्री संस्थेच्या ऑफिसात भिंतीला एक लाकडी पाटी आहे. उंची साधारण माझ्याएवढी, हिरवा रंग जागोजागी उडालेला, आणि वरपासून खालपर्यंत नुसते खिळे. आडवं पाहिलं तर कापणी करणाऱ्या मजुरांच्या सहा टोळ्या, उभं पाहिलं तर कापणीचा क्रम. प्रत्येक खिळ्यावर पुठ्ठ्याची एक चिठ्ठी. तिच्यावर शेतकऱ्याचं नाव, शिवार, गट नंबर, अंदाजे घड, आणि कोपऱ्यात 'न' किंवा 'पि', म्हणजे नवती (नव्या लागवडीची बाग) की पिलबाग (आधीच्या झाडांच्या पिलांवर धरलेली). रोज पहाटे पाचला नाना येतात. नाना म्हणजे इथले मुनीम, सत्तरीला टेकलेले. एका हातात चहा, दुसऱ्या हाताने चिठ्ठ्यांची हलवाहलव. कुणाच्या बागेत रात्री पाणी सोडलं म्हणून गाडी आत जात नाही, कुठल्या टोळीतले चार जण लग्नाला गेले, कुणाचा माल एक दिवस थांबला तरी चालेल. जसा निरोप येईल तशी चिठ्ठी या खिळ्यावरून त्या खिळ्यावर.

ही पाटी मोबाईलवर आणायचं काम मी घेतलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बोलणी सुरू झाली, मे २०२५ मध्ये शेवटचा हप्ता मिळाला. मी फैजपूरची. पुण्यात सहा वर्षं वेब डेव्हलपर म्हणून नोकरी करून घरी परत आलेय. 'ड्रॅग अँड ड्रॉप आहे, दोन आठवड्यांचं काम' असं मी पहिल्या भेटीत बोलून गेले होते. ड्रॅग अँड ड्रॉप म्हणजे पडद्यावरची वस्तू ओढून दुसरीकडे सोडणं. प्रत्यक्षात काय झालं ते तारीखवार लिहून ठेवते. कुणाला असंच काम मिळालं तर निदान माझ्या खड्ड्यांत तरी पाय जाऊ नये.

गरज खरी होती. नाना पाटी लावून झाली की तिचा फोटो मुकादमांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे. तासाभरात चिठ्ठी हलली की दुसरा फोटो, मग तिसरा. बागेत उभा असलेला मुकादम पहिलाच फोटो बघून बसलेला असायचा. त्यातून फोनवर फोन.

आधी कागदपत्रांचं सांगते, कारण त्यातच दीड महिना गेला. संस्था सहकारी, त्यामुळे तोंडी ठरलं म्हणून काही होत नाही. तीन कोटेशनं लागतात. माझं एक, बाकी दोन त्यांनी जळगावहून मागवली. मी १,१०,००० सांगितले होते, घासाघीस होऊन ८५,००० ठरले. सुरुवातीला ३०,०००, चाचणी सुरू झाल्यावर ३०,०००, आणि महिनाभर नीट चाललं की उरलेले २५,०००. संचालक मंडळाची बैठक दोनदा पुढे गेली, एकदा निवडणुकीच्या निकालामुळे आणि एकदा कोरम भरला नाही म्हणून. ठराव १२ डिसेंबरला झाला. मग लेखापालांनी विचारलं, 'जीएसटी बिल देणार ना?' माझी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या खाली, त्यामुळे नोंदणीच नाही. तसं लेटरहेडवर लिहून दिलं. सोबत पॅन, रद्द केलेला चेक आणि उद्यम नोंदणीचा कागद. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. हप्त्यावर कलम १९४ जे खाली दहा टक्के टीडीएस कापला, म्हणजे हातात २७,००० आले. तो पैसा बुडत नाही, विवरणपत्र भरताना करात वळता होतो आणि जास्तीचा परत मिळतो. पण घरखर्चाचा हिशेब मांडताना पूर्ण ३०,००० धरू नका, मी धरले होते.

पहिली आवृत्ती जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात केली. ब्राउझरमध्ये जी तयार ड्रॅग अँड ड्रॉपची सोय असते तीच वापरली. ही सोय मूळ मायक्रोसॉफ्टची, १९९९ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मधली. पुढे एचटीएमएल५ ने, म्हणजे वेबपानांच्या भाषेच्या नव्या आवृत्तीने, ती जवळपास तशीच उचलली. तिचा स्वभावही त्याच काळातला आहे. चिठ्ठी एखाद्या रकान्यावर टाकता यायला हवी असेल तर त्या रकान्याच्या 'ड्रॅगओव्हर' घटनेत (चिठ्ठी वरून ओढली जात असताना ब्राउझर जी सूचना देतो तिच्यात) 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' लिहावं लागतं, म्हणजे 'नेहमीचं वागणं थांबव' असं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर 'ड्रॉप' घटना येतच नाही आणि चुकीचा संदेशही दिसत नाही. हे माहीत असूनही माझे दोन दिवस गेले, कारण एका रकान्यात लिहिलं होतं आणि रिकाम्या रकान्यात विसरले होते. शिवाय रकान्याच्या आतल्या प्रत्येक चिठ्ठीवरून जाताना 'आत आला, बाहेर गेला' अशा घटना येत राहतात. मग रंग लुकलुकतो, एखाद्या खराब ट्यूबलाइटसारखा.

१६ जानेवारीला, संक्रांतीनंतर दोन दिवसांनी, मी लॅपटॉप घेऊन ऑफिसात गेले. माउसने चिठ्ठ्या इकडून तिकडे केल्या. चेअरमनसाहेब खूश. तिळगूळ वाटला गेला. मग नानांनी खिशातून स्वतःचा फोन काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बोटाने चिठ्ठी ओढली. यादीच वर सरकली. पुन्हा ओढली, पुन्हा यादीच सरकली. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "हे तं हालतच नाही, बेटा."

मी सगळं लॅपटॉपवर तपासलं होतं. फोन म्हणजे ब्राउझरची खिडकी बारीक करून बघणे, एवढंच. स्पर्शाने ओढणं आणि माउसने ओढणं ही सोय एकसारखी हाताळत नाही, हे मला पुस्तकी माहीत होतं, पण पुण्यात आमचे वापरणारे सगळे लॅपटॉपवाले. त्या दिवशी घरी येऊन जेवणसुद्धा नीट गेलं नाही. दुसऱ्या दिवशी जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये जाऊन ४,२०० रुपयांत एक जुना अँड्रॉइड फोन घेतला, मुद्दाम रॅम कमी आणि काचेला तडा गेलेला. या सगळ्या कामातला तो सर्वांत चांगला खर्च. स्वतःच्या नव्या फोनवर सगळंच छान चालतं.

आणि दुसरं काम केलं, जे खरं तर सगळ्यात आधी करायचं होतं. नानांची परवानगी घेऊन दोन पहाटे त्यांच्या हातांचा व्हिडिओ काढला. फक्त हातांचा.

तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेन. नाना चिठ्ठी धरतात ती खालच्या कोपऱ्याला, दोन बोटांत, त्यामुळे नाव कायम दिसत राहतं. चिठ्ठी काढली की खिळा रिकामा दिसतो, तेवढ्यावरून 'अठून काढली' हे लक्षात राहतं. दोन चिठ्ठ्यांच्या मधे लावायची असेल तर आधी खालच्या सगळ्या एकेक खिळा खाली सरकवतात, मग जागा भरतात. आणि व्हिडिओत साधारण चार मिनिटांनी फोन वाजतो. नाना हातातली चिठ्ठी ओठांत धरतात, फोन घेतात, 'हं, हं' करत वहीत काहीतरी लिहितात, फोन ठेवतात, ओठांतली चिठ्ठी काढून तिसऱ्याच टोळीच्या खिळ्यावर लावतात. काही चिठ्ठ्या तिरप्या लटकत होत्या. मला वाटलं पंख्याच्या वाऱ्याने.

फेब्रुवारीत सगळं नव्याने लिहिलं. या वेळी 'पॉइंटर इव्हेंट्स' वर. माउस, बोट, पेन तिन्हींसाठी एकच पद्धत, आणि आताच्या सगळ्या ब्राउझरांत चालते. तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड, घ्यायची की स्वतः लिहायचं, यावर चार दिवस घोळ घातला. रिअ‍ॅक्टसाठीची एक प्रसिद्ध लायब्ररी पुण्यात वापरली होती, तिची देखभाल आता बंद झालीय. शेवटी स्वतः लिहिलं. त्याला तीन आठवडे लागले. पुन्हा वेळ आली तर मी सॉर्टेबल जेएस किंवा डीएनडी किट घेऊन सुरुवात करीन आणि वाचलेले दिवस वापरणाऱ्यांसोबत घालवीन. स्वतः लिहिण्यात शिकायला मिळतं हे खरं, पण शिकण्याचे पैसे संस्था देत नव्हती.

नानांच्या हातांतून घेतलेल्या गोष्टी एकेक करून आत घातल्या. चिठ्ठी उचलली की तिच्या मूळ जागी फिकट तुटक चौकट राहते, तो रिकामा खिळा. उचललेली चिठ्ठी बोटाखाली न राहता बोटाच्या थोडी वर तरंगते, नाहीतर नाव झाकलं जातं. कुठे पडणार ते रंगाने सांगायच्या ऐवजी तिथल्या चिठ्ठ्या खरोखर सरकून जागा करतात. यादीच्या कडेशी गेलं की यादी आपोआप सरकते, आधी हळू, मग जोरात. उचलताना अँड्रॉइडवर बारीकसं कंपन होतं. एका संचालकांकडे आयफोन आहे, तिथे सफारीत हे कंपन चालत नाही. त्यांना वाटलं आपल्याला सवतीच्या पोरासारखं वागवलं.

फोनच्या रुंदीत सहा टोळ्यांचे रकाने मावत नाहीत, हा मोठा अडसर होता. पहिल्या टोळीतून सहाव्या टोळीत चिठ्ठी न्यायची तर पडदा आडवा सरकत राहणार आणि अंगठा अवघडणार. फिट्सचा १९५४ चा नियम आहे : लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. म्हणून लक्ष्यच जवळ आणलं. चिठ्ठी उचलताच पडद्याच्या तळाशी सहा मोठे चौकोन उगवतात, प्रत्येकावर टोळीच्या मुकादमाचं नाव आणि आज किती बागा लागल्यात तो आकडा. अंगठा जिथे असतोच तिथे.

११ मार्चला मी एका मुकादमाबरोबर रावेरच्या बाजूच्या एका बागेत गेले. तेव्हाच ऊन चाळिशीच्या घरात. बागेत सावली असते, पण ट्रक बांधावर, आणि मुकादम ट्रकपाशी. पडद्यावरचा माझा फिकट राखाडी रंग उन्हात दिसतच नव्हता. माझी तुटक चौकट तर जणू नव्हतीच. पण खरी गंमत पुढे. घड कापताना जो चीक निघतो तो बोटांना लागतो आणि वाळून काळा पडतो. कपड्यांवरचा डाग जन्मात जात नाही हे आपल्याकडे पोरासोरांना माहीत आहे. त्या बोटांनी मुकादमांनी चिठ्ठी ओढायला घेतली आणि ती अर्ध्यातच सुटली. पुन्हा घेतली, पुन्हा सुटली. मी त्यांचा हात हातात घेऊन पाहिला. बोटाच्या टोकाला वाळलेल्या चिकाचा खडबडीत थर, एखाद्या जुन्या चामड्यासारखा. काचेला मधेच त्यांचा स्पर्श कळेनासा होत होता. ब्राउझरच्या लेखी बोट उचललं म्हणजे सोडलं. त्यामुळे चिठ्ठी जिथे असेल तिथे टाकली जात होती, आणि ती जागा कुणाचीही टोळी असू शकत होती.

यावर दोन नियम केले. बोट सुटलं की लगेच टाकायचं नाही, क्षणभर थांबायचं, तेवढ्यात बोट जवळपास पुन्हा टेकलं तर ओढणं तसंच पुढे चालू. आणि मधेच फोन आला किंवा ब्राउझरने स्पर्श काढून घेतला, म्हणजे 'पॉइंटर कॅन्सल' ही घटना आली, तर चिठ्ठी निमूटपणे मूळ खिळ्यावर परत. शंका असेल तेव्हा घरी पाठवायचं. मुकादम हसत म्हणाले, "ताई, अठी हातच धुवायला पाणी नाही, तुम्ही नाजूक कामं सांगता."

चाचणी १७ मार्चला सुरू झाली, पाटी आणि मोबाईल दोन्ही सोबत. दुसरा हप्ता आला, पुन्हा २७,०००. आठ दिवस बरे गेले. मग घोळ झाला.

२६ मार्च, बुधवार. एका शेतकऱ्याच्या पिलबागेची कापणी त्या दिवशी ठरलेली. टोळी आलीच नाही. मोबाईलवर त्यांची चिठ्ठी शनिवारी दिसत होती. कुणी हलवली? कुणालाच ठाऊक नाही. त्या सकाळी नाना एका लग्नाला गेले होते आणि पाटीकडे कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे मोबाईलच बघत होते. शेतकरी दुपारी ऑफिसात आले. आवाज चढवला नाही. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "माझा नंबर कुणी खाल्ला, तेवढं फक्त सांगा." मी समोरच होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण कुणी, केव्हा, कुठून कुठे हलवलं याची नोंदच मी ठेवली नव्हती. दुसरी टोळी शुक्रवारी गेली. त्या उन्हात काही घड झाडावरच पिवळे व्हायला लागले होते, तेवढा माल वापसीच्या, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या, भावात गेला. फरकाची रक्कम मी माझ्या हप्त्यातून देऊ केली. संस्थेने घेतली नाही, पण त्या रात्री मला झोप नव्हती.

कारण शोधायला तीन दिवस लागले. मी पूर्ण चिठ्ठीच उचलता येईल असं केलं होतं, बोट पाव सेकंद दाबून धरलं की चिठ्ठी हातात. माझा अंगठा यादी वाचताना काचेवर टेकत नाही. ऑफिसातल्या वयस्कर लोकांचा टेकतो. ते अंगठा ठेवूनच वाचतात, मग तसाच वर सरकवतात. तोवर पाव सेकंद होऊन गेलेला असतो. त्यांना वाटतं यादी सरकवली, प्रत्यक्षात चिठ्ठी उचलली आणि नकळत दुसऱ्याच जागी नेऊन टाकली. वेळ वाढवून अर्धा सेकंद केला, तर तरुण कारकून म्हणायला लागला की हँग होतंय.

शेवटी चिठ्ठीला मूठ दिली. उजव्या कडेला एक जागा, फक्त तिथूनच ओढता येतं, बाकी चिठ्ठीवर बोट फिरवलं तर यादीच सरकते. तांत्रिक बाजूने सांगायचं तर सीएसएसमधला (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतला) 'टच अ‍ॅक्शन नन', म्हणजे 'इथे बोटाने पान सरकवू नको' हा नियम, फक्त त्या मुठीला लावला. बोट टेकतं त्याच क्षणी ब्राउझर ठरवून टाकतो की हे सरकवणं आहे की नाही, नंतर मधेच बदलून उपयोग नसतो. मुठीवर सगळीकडे असतात तसे सहा टिपके काढले होते. नानांनी पडदा रुमालाने पुसला आणि विचारलं, "हे डाग कशाचे?" मग टिपके काढून तिथे खिळ्याचं डोकं काढलं. कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. मुठीची जागा ४८ पिक्सेल ठेवली. वेब सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ या मानकात किमान २४ ची अट आहे, पण ती चीक न लागलेल्या बोटांसाठी असावी.

त्याच आठवड्यात नोंदवही आली, प्रत्येक हलवण्यामागे नाव आणि वेळ. आणि 'परत घ्या' ची पट्टी, दहा सेकंद खाली राहते : 'चिठ्ठी शनिवारी गेली. परत घ्या.' आधी मी प्रत्येक वेळी 'नक्की हलवायची का?' विचारायचा विचार केला होता. एक दिवस करून पाहिलं. दुपारपर्यंत सगळे न वाचता 'हो' दाबायला लागले, दारावरचा गुरखा झोपेत सलाम करतो तसे. आता प्रश्न फक्त तारीख बदलताना येतो. त्याच दिवशी टोळी किंवा क्रम बदलला तर येत नाही.

मग एप्रिलमध्ये ती ओठांतली चिठ्ठी पुन्हा डोक्यात आली. पाटीवर नाना मुळात ओढत नाहीतच. ते उचलतात, आणि नंतर कधीतरी ठेवतात. मधे चहा होतो, फोन होतो, एखादी शिवी होते. आपण पडद्यावर जे करतो त्यात उचलण्यापासून ठेवण्यापर्यंत बोट दाबून धरावं लागतं, श्वास रोखून पाण्याखाली राहिल्यासारखं. ज्याचा हात थरथरतो, ज्याचा दुसरा हात ट्रकच्या दाराला आहे, त्याने हे का करावं? योगायोग असा की याच मुद्द्यावर वर सांगितलेल्या मानकात एक निकष आहे, क्रमांक २.५.७. हे मानक ५ ऑक्टोबर २०२३ ला आलं. ओढून होणारं प्रत्येक काम न ओढता, साध्या टिचकीनेही झालं पाहिजे, ओढणं अगदीच अपरिहार्य असेल तेवढंच सोडून. मी तो निकष आधी वाचला होता आणि 'नंतर बघू' च्या यादीत टाकला होता.

तो करायला दीड दिवस लागला. खिळ्याच्या डोक्यावर नुसती टिचकी मारली की चिठ्ठी उचलली जाते आणि पडद्याच्या वरच्या पट्टीत जाऊन बसते. आम्ही तिला 'ओठ' म्हणतो, पण ते आमच्यातच. ती तिथे कितीही वेळ राहते. फोन घ्या, यादी सरकवा, दुसऱ्या दिवसाचं पान उघडा. जिथे लावायची तिथे टिचकी मारली की लागली. 'रद्द करा' म्हटलं की मूळ खिळ्यावर.

बटणावर काय लिहायचं यावर अर्धी सकाळ गेली. 'ड्रॉप करा' वर कुणी बोट ठेवेना. 'इथे टाका' म्हटलं तर नाना म्हणाले, माल टाकतात का? 'इथे सोडा' म्हणजे टोळीला सुट्टी दिल्यासारखं. मग नानाच बोलून गेले, "अवं, टोळी लावतो ना आपण, मग 'लावा' लिह." आता तिथे 'उचला' आणि 'इथे लावा' आहे.

कीबोर्डचंही केलं : टॅबने चिठ्ठीवर जायचं, स्पेसने उचलायची, बाणांनी हलवायची, पुन्हा स्पेसने लावायची, एस्केपने रद्द. लेखापाल तेच वापरतात, त्यांना माउस नको असतो. वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी 'एरिया लाइव्ह' (aria-live, पडद्यावरचा बदल बोलून दाखवायला सांगणारी खूण) मधून वाक्यं दिली. जुन्या लेखांत 'एरिया ग्रॅब्ड' सापडेल, ते वापरू नका, मोडीत काढलंय. वाक्यं मराठीतच आधी सुचू द्या. 'स्थान ३ पैकी २ वर हलवले' असलं मी आधी लिहिलं होतं, फोनने ते वाचून दाखवल्यावर मलाच कळेना. आता 'दुसऱ्या नंबरला आली, पुढे एक बाग' असं ऐकू येतं.

सर्व्हरच्या बाजूचं थोडक्यात. क्रम १, २, ३ असा न ठेवता १०००, २०००, ३००० ठेवा. मधे चिठ्ठी घालायची तर १५०० द्यायचा, बाकीच्यांना हात लावायची गरज नाही. सातपुड्याच्या पायथ्याला रेंज जाते-येते, म्हणून चिठ्ठी पडद्यावर लगेच हलते पण 'पोचली' ची खूण सर्व्हरचं उत्तर आल्यावरच. नाही पोचली तर ती परत येते आणि का आली ते सांगते. गुपचूप परत आलेली चिठ्ठी लोकांना भुताटकी वाटते, हा अनुभव घेतलाय. दोघांनी एकच चिठ्ठी एका वेळी हलवली तर दुसऱ्याला पहिल्याचं नाव दिसतं. मग ते फोनवर आपसांत भांडतात, माझ्याशी नाही.

आखाजीपासून (अक्षय तृतीयेपासून) पाटी बंद, असा चेअरमनसाहेबांचा आग्रह होता. सालदारांचं वर्ष आखाजीला बदलतं, तसं हेही. २०२५ ची आखाजी ३० एप्रिलला होती. आदल्या रात्री दहापर्यंत मी मुकादमांच्या फोनवर चढवून देत बसले होते, सहापैकी दोघांच्या फोनमध्ये जागाच नव्हती, लग्नांचे व्हिडिओ पुसायला लावले. सणाच्या दिवशी घरी पुरणपोळी, आणि माझा डोळा नोंदवहीवर. सगळं मिळून सर्व्हर, डोमेन, जुना फोन, पेट्रोल असे साधारण १४,००० माझे गेले.

नोंदवहीत चिठ्ठी ओढून हलवली की टिचकीने, हेही येतं. पहिल्या आठवड्यातच दिसलं की फोनवरच्या बहुतेक हालचाली टिचकीच्या. ओढतात ते ऑफिसात लॅपटॉपवर बसलेला तरुण कारकून आणि आयफोनवाले संचालक. ज्या ओढण्यासाठी मी तीन आठवडे घातले ते दोघांपुरतं, आणि जे दीड दिवसात झालं ते बाकी सगळ्यांचं. कोटेशनमध्ये मोठ्या अक्षरात 'ड्रॅग अँड ड्रॉप' लिहिलं होतं, त्यामुळे ते काढताही येत नाही. आणि खरं सांगायचं तर लॅपटॉपवर ते फार सुरेख चालतं.

शेवटचा हप्ता १९ मेला झाला. या वेळीही टीडीएस कापायला निघाले होते. एप्रिल २०२५ पासून १९४ जे ची मर्यादा ३०,००० वरून ५०,००० झाली होती, आणि त्या आर्थिक वर्षात संस्थेकडून मला २५,००० च येणार होते. लेखापालांना ते दाखवलं, त्यांनी सीएंना फोन केला, अर्धा तास गेला. पूर्ण २५,००० मिळाले.

निघताना नानांनी थांबवलं. पाटी अजून भिंतीवरच आहे, खिळ्यांना आता ट्रकच्या चाव्या आणि कुणाची तरी टोपी. म्हणाले, "सगळं बरं आहे, पण तुझ्या मोबाईलात चिठ्ठी तिरपी काहून होत नाही?"

मला कळेना. मग त्यांनी टेबलावरचा एक जुना पुठ्ठा घेतला आणि खिळ्याला एका कोपऱ्याने अडकवला. ज्या बागेचा भरवसा नसतो, म्हणजे शेतकऱ्याने सौदा दुसरीकडेही बोलून ठेवलाय किंवा घड अजून भरलेले वाटत नाहीत, ती चिठ्ठी नाना तिरपी लावतात. सकाळी मुकादमाने जाण्याआधी एक फोन करायचा, एवढा त्याचा अर्थ. मुकादमांना ते ठाऊक होतं. कुणी मला सांगितलं नाही, कारण मी विचारलं नव्हतं. व्हिडिओत त्या चिठ्ठ्या होत्या, पहिल्या पहाटेपासून.

घरी जाऊन तेवढं केलं. चिठ्ठीवर दोनदा टिचकी मारली की ती सहा अंशांत कलते आणि मुकादमाच्या फोनवर 'आधी फोन करा' येतं. त्याचं बिल लावलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी नोंदवहीत नानांच्या नावापुढे पहिली तिरपी चिठ्ठी होती.